नासले, बिघडले, मोडले: एका बल्गेरियन वहीचे इंग्रजी भाषांतर

सोफियात राहून मी बल्गेरियनमधून इंग्रजीत भाषांतरे करते. जन्मदाखले, पदवीपत्रे, भाडेकरार आणि यंत्रांची माहितीपत्रके हे माझे नेहमीचे काम असून त्यात एखाद्या क्रियापदापाशी अडून बसण्याची वेळ क्वचितच येते. मागे एका भाषांतरसंस्थेमार्फत आलेले काम मात्र या साच्यातले नव्हते. बाल्कन पर्वताच्या उत्तर उतारावरील त्रोयान शहराजवळच्या एका खेड्यातील आजीबाईंनी आयुष्यभर लिहिलेली ती वही होती, आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या त्यांच्या नातीला ती आपल्या मुलांसाठी इंग्रजीत हवी होती. मुलांना घरात बोललेली बल्गेरियन थोडीफार समजते, पण सिरिलिक लिपी वाचता येत नाही. आजीबाईंचे शिक्षण १९४५ च्या लेखनसुधारणेपूर्वी झालेले असल्यामुळे त्या सुधारणेने हद्दपार केलेले ‘यात’ नावाचे जुने अक्षर वहीत अधूनमधून डोकावते. एकाच पानावर ‘दूध’ हा शब्द वर जुन्या आणि खाली नव्या पद्धतीने लिहिलेला आढळतो.

पहिले वाचन संपले तेव्हा लक्षात आले की ही वही जवळजवळ संपूर्णपणे नासण्या-बिघडण्याची नोंदवही आहे. शेतकरी घरातल्या बाईने लिहिण्यासाठी लेखणी उचलावी ती बहुधा काहीतरी बिनसले तरच, कारण जे नीट पार पडते ते पुढच्या वर्षी आठवणीवर विसंबून करता येते. कोबीच्या पिंपातले पाणी बुळबुळीत झाले, अक्रोड खवट निघाले, आलुबुखाराच्या झाडांवर रोग पडला, जावयाने पैसा उडवला, सहकारी शेतीची वाट लागली, लग्न मोडले. या सगळ्यांसाठी बल्गेरियनमध्ये असलेली क्रियापदे मी आधी एका तक्त्यात वेगळी काढली आणि प्रत्येकासमोर ते ज्या वाक्यात आले ते पूर्ण वाक्य लिहिले. माझी ही नेहमीचीच पद्धत आहे, कारण शब्दकोशात क्रियापद एकटे उभे असते आणि एकट्या क्रियापदाला कसलाही अर्थ चिकटवता येतो. तक्ता भरत गेला तसे दिसू लागले की जवळजवळ प्रत्येक ओळीपाशी तोच प्रश्न उभा राहतो: दोष कोणाच्या पदरात घालायचा?

तक्त्यात सर्वांत जास्त जागा व्यापली ती ‘रझ्वाल्यम’ या क्रियापदाने. ‘रझ्’ म्हणजे सुटे, वेगवेगळे; आणि ‘वाल्’ या धातूत लोटण्याचा, लोळवण्याचा भाव आहे. त्याच धातूपासून ‘पोवाल्यम’ म्हणजे खाली पाडणे आणि ‘प्रोवाल्यम’ म्हणजे एखादे काम फसवणे, कोसळवणे ही क्रियापदे झाली आहेत, आणि पडक्या वास्तूला ‘रझ्वालिना’ म्हणतात. मात्र रोजच्या बोलण्यात कोणाच्याही मनात पडझड येत नाही. दूध ‘रझ्वाल्यते’, दात, हवा, पोट, यंत्र, मनःस्थिती सगळे याच क्रियापदाने बिघडते. हाताशी मोठी नोट असेल तर तीही दुकानात ‘रझ्वाल्यतात’, ठरलेले लग्न ‘रझ्वाल्यतात’ आणि कोणी केलेली करणीसुद्धा ‘रझ्वाल्यतात’. मराठी माणसाला यातले निम्मे चमत्कारिक वाटत नाही, कारण आपणही शंभराची नोट मोडतो, जमलेले लग्न मोडतो आणि भरलेले घर मोडतो. इंग्रजीतले ‘ब्रेक’ हे क्रियापदही नोटेला, लग्नाला आणि करणीला चालून जाते. दूध, दात आणि मनःस्थिती यांच्यापाशी मात्र इंग्रजी वाट बदलते आणि प्रत्येकासाठी वेगळा शब्द मागते.

यातली करणीची बाब मी मुद्दाम सांगते, कारण तिच्यामुळे माझा तक्ता पहिल्यांदा विस्कटला. दूध किंवा यंत्र बिघडवणारा माणूस दोषी असतो. करणी ‘रझ्वाल्यणारी’ बाई मात्र उपकारकर्ती असते. क्रियापद तेच, पण पुण्यही त्यानेच मोजायचे आणि पापही त्यानेच. तेव्हा ‘स्पॉइल’ आणि ‘रुइन’ या दोन इंग्रजी शब्दांवर विसंबून वही पुढे सरकणार नाही, हे तेथेच स्पष्ट झाले. ‘स्पॉइल’च्या मुळाशी लॅटिनमधला लुटीचा, जनावराचे कातडे सोलण्याचा अर्थ आहे आणि ‘रुइन’च्या मुळाशी कोसळण्याचा. कर्ता समोर उभा राहिल्याखेरीज ‘रुइन’चे तरी फारसे भागत नाही.

स्वयंपाकघरातल्या नोंदी मी आधी हाती घेतल्या, कारण त्या सोप्या असतील अशी अटकळ होती. तेथे अडचण अगदी वेगळ्याच बाजूने आली. बल्गेरियात दह्याला ‘कीसेलो म्ल्याको’ म्हणतात, म्हणजे शब्दशः आंबट दूध. आजीबाई लिहितात की नातवंडे आली की त्यांना वाडगाभर ‘कीसेलो म्ल्याको’ आणि पाव देत असे. याचे इंग्रजी कोणी ‘सावर मिल्क’ असे केले, तर पणतवंडे समजतील की पणजी मुलांना नासलेले दूध पाजत होती. दुधाला विरजण लावणे याला ‘पोद्क्वास्वम’ हे स्वतंत्र क्रियापद आहे, त्यातला ‘क्वास’ म्हणजे विरजण. आणि दूध आपोआप आंबले तर ते ‘व्कीस्वा से’. बल्गेरियन लोकांना या भेदाचा अभिमानही आहे, आणि तो सकारण आहे: स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकीय विद्यार्थ्याने १९०५ मध्ये जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत दह्यातला जो जिवाणू शोधून काढला, त्याच्या शास्त्रीय नावात आजही बल्गेरिया आहे. आपल्याकडे दही लागते आणि दूध नासते, त्यामुळे मला हा भेद समजावून घ्यावा लागला नाही. इंग्रजीत मात्र एकीकडे ‘योगर्ट’ आणि दुसरीकडे ‘टर्न्ड’ असे दोन लांबचे शब्द घेऊन त्यांच्यात नाते नसल्यासारखे लिहावे लागले.

दूध तापवताना फाटले, तर बल्गेरियनमध्ये ते ‘प्रेसीचा से’, आणि गंमत म्हणजे रस्ता ओलांडणे यालाही हेच क्रियापद आहे, कारण दोन्हींत आडवे कापण्याची कल्पना आहे. आपले दूध ‘फाटते’, इंग्रजांचे ‘कर्डल’ होते. तळाशी लागलेल्या दुधाला ‘झागार्या’ म्हणतात. आपण ‘दूध लागले’ म्हणतो आणि इंग्रजीत ‘कॉट’ किंवा ‘स्कॉर्च्ड’ असे म्हणता येते. खवट झालेल्या अक्रोडासाठी ‘ग्रान्यासल’ हा नेमका शब्द आहे. सोफियातल्या बाजारात अक्रोड घेताना विक्रेत्या बाई एक फोडून हातावर ठेवतात आणि ‘ग्रान्यासल असेल तर घेऊ नका’ असे सांगतात. खोबऱ्याची वाटी नाकाशी नेऊन खवट आहे का ते पाहणाऱ्या कोणालाही हा व्यवहार ओळखीचा वाटेल. इंग्रजीतला ‘रँसिड’ येथे चपखल बसतो आणि भाषांतरकाराला काही कष्ट पडत नाहीत.

कष्ट पडले ते कोबीच्या नोंदीत. हिवाळ्यासाठी करून ठेवलेल्या साठवणीच्या पदार्थांना ‘झीम्निना’ म्हणतात आणि त्यातले मुख्य काम म्हणजे उशिरा शरदात कोबीचे अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात आंबवत ठेवणे. ‘कात्सा’ नावाच्या लाकडी पिंपात गड्डे रचतात, तळाशी मक्याचे दाणे आणि रानमुळ्यासारखे तिखट मूळ टाकतात आणि नंतर काही आठवडे अधूनमधून पिंपातले पाणी खालच्या तोटीने काढून पुन्हा वरून ओततात. या क्रियेला ‘प्रेताकम’ म्हणतात. ती चुकली, तर खालचे मीठ खालीच राहते, वरचे गड्डे मऊ पडतात आणि पाणी ‘लीगाव’ होते, म्हणजे बुळबुळीत, लाळेसारखे. एका वर्षी आजीबाईंनी लिहिले आहे की पाणी लीगाव झाले, पिंप ओतून दिले, सासूने तोंड फिरवले. या ओळीत कोणी काय केले नाही याचा उल्लेख नाही, पण ‘प्रेताकम’ माहीत असलेल्या कोणत्याही बल्गेरियन बाईला तो लागत नाही. पाणी बुळबुळीत झाले म्हणजे सुनेने पाणी फिरवले नाही, हे तिच्यासाठी उघड आहे. इंग्रजी वाचकाला हे कळावे म्हणून मी वाक्यात ‘अनस्टर्ड’, म्हणजे न ढवळलेले, असा एक शब्द आत घातला. तो मूळ वाक्यात नाही, आणि तळटीप देण्यापेक्षा एक शब्द वाढवणे मला अधिक प्रामाणिक वाटते, या मताशी सगळे सहव्यावसायिक सहमत होणार नाहीत.

हाच ‘लीगाव’ शब्द वहीत पुढे एका मुलाला लावलेला आहे. तो नातू, बहुधा ग्राहक बाईंचाच चुलतभाऊ. लीगाव मूल म्हणजे लाडावलेले, उगाच मुसमुसणारे, अंगाला बिलगणारे मूल. इंग्रजीत ‘स्लायमी’ म्हटले तर तो लबाड ठरतो आणि ‘स्पॉइल्ट’ म्हटले तर त्याच्या आईवडिलांवर ठपका येतो. आईवडिलांवर ठपका ठेवायचा असता तर आजीबाईंपाशी ‘रझ्ग्लेझेन’ हा शब्द होता, त्यात लाड करणारा दुसरा कोणीतरी गृहीत असतो; त्यांनी तो वापरला नाही. मी ‘सॉपी’, म्हणजे रडवे-हळवे, असे लिहिले आणि पुढे गेले.

वहीतले खरे कठीण वाक्य चार शब्दांचेही नव्हते. आजीबाईंचे पहिले लग्न ठरून मोडले होते. त्याविषयी त्यांनी फक्त एवढेच लिहिले आहे: ‘गोदेझत से रझ्वालील.’ गोदेझ म्हणजे साखरपुडा. नातीने काम सोपवतानाच निरोप पाठवला होता की आजीने नकार दिला की समोरच्यांनी, एवढे तरी या वाक्यातून कळले पाहिजे. घरात त्यावरून दोन तट आहेत.

येथे बल्गेरियन व्याकरणाबद्दल थोडे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. या भाषेत घडलेली गोष्ट सांगताना आपण ती पाहिली, तिच्या खुणांवरून ताडली की दुसऱ्याकडून ऐकली, हे क्रियापदाच्या रूपातच सांगावे लागते. डोळ्यांदेखत दूध नासले असेल तर ‘म्ल्याकोतो से रझ्वाली’. सकाळी भांडे उघडून वासावरून कळले असेल तर ‘म्ल्याकोतो से ए रझ्वालीलो’. शेजारणीने सांगितले असेल तर ‘म्ल्याकोतो से रझ्वालीलो’. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात फरक केवळ ‘ए’ या एका अक्षराच्या साहाय्यक क्रियापदाचा आहे. ते गाळले की वाक्य ऐकीव होते. बल्गेरियन व्याकरणात या ऐकीव रूपाला स्वतंत्र नाव आहे आणि शाळेत ते वेगळे शिकवतात. मराठीत रूप बदलत नाही, पण ‘दूध नासले’, ‘दूध नासलेले दिसते’ आणि ‘दूध नासले म्हणे’ या तीन वाक्यांत आपण तेच तीन थर सहज वेगळे ठेवतो. हा ‘म्हणे’ इंग्रजीला देता येत नाही. ‘दे से’ किंवा ‘अपॅरंटली’ हे त्याच्या जागी ठेवले की वाक्य एकदम संशयखोर वाटू लागते.

आता प्रश्न असा की वहीतल्या वाक्यात ‘ए’ आहे की नाही. छायाचित्रात ‘से’च्या पुढे शाईचा एक फिकट डाग होता. तो ‘ए’ असेल तर अर्थ होतो, साखरपुडा मोडलेला आहे, ही वस्तुस्थिती आहे, परिणाम समोर आहे. डाग केवळ डाग असेल तर अर्थ होतो, साखरपुडा मोडला म्हणे. आणि ही दुसरी शक्यता विलक्षण होती, कारण स्वतःच्याच साखरपुड्याविषयी कोणी ‘म्हणे’ का लिहावे? मी नातीकडून त्या पानाचे खिडकीपाशी धरून, उजेड मागून येईल असे काढलेले नवे छायाचित्र मागवले. त्यात दिसले की डाग मागच्या पानावरून झिरपला होता. त्या पानावर त्याच जागी शाईने गिरवलेला एक आकडा आहे. पुढे ‘से’ आणि ‘रझ्वालील’ यांच्यामध्ये अंतरही एवढे कमी आहे की मधे अक्षर मावले नसते. वाक्य ऐकीव होते.

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, त्याच भागातून आलेल्या एका वयस्कर बाईंना मी हे वाक्य वाचून दाखवले. त्यांना मी ‘लेल्यो’ म्हणते, म्हणजे आपल्याकडची मावशी किंवा काकू. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले की यात काय कोडे आहे. दोन्हीकडचे बाप बोलले असतील, मुलीला आईने नंतर येऊन सांगितले असेल. ज्या खोलीत लग्न मोडले त्या खोलीत ती नव्हती, म्हणून तिने तसे लिहिले. एखादी बाई स्वतःच्या बाबतीत हे रूप कडवटपणे, जणू ‘असे म्हणतात बुवा’ या सुरातही वापरते, असे त्यांनी पुढे जोडले. पण लिहिताना तसा सूर धरणे त्यांना संभवनीय वाटले नाही.

यातून नातीच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळाले. आजीने नकार दिला का, याचे उत्तर वाक्यात आहे: नाही, कारण नकार देणारी बाई स्वतःच्या नकाराविषयी ऐकीव रूपात लिहीत नाही. समोरच्यांनी नकार दिला का, याचे उत्तर वाक्यात नाही, आणि ‘से’ या आत्मवाचक शब्दाने ते मुद्दामच बाहेर ठेवले आहे. साखरपुडा स्वतःच मोडला, जसे दूध स्वतःच नासते. इंग्रजीत ‘वॉज ब्रोकन ऑफ’ म्हटले की लगेच विचारावेसे वाटते, कोणाकडून? ‘फेल थ्रू’ हा प्रयोग दोष टाळतो, पण तो एखाद्या घराच्या व्यवहारासारखा कोरडा वाटतो. शेवटी मी लिहिले की साखरपुडा ‘ऑफ’ आहे असे मला सांगण्यात आले. हा ‘ऑफ’ मला फार उपयोगी पडला, कारण इंग्रजीत लग्नही ऑफ होते आणि दूधही. सगळ्या वहीत बल्गेरियन क्रियापदाचा आवाका इंग्रजीला त्या एकाच ठिकाणी गाठता आला.

आलुबुखाराच्या नोंदींनी त्यामानाने थोडी विश्रांती दिली. त्रोयानचा प्रदेश या फळासाठी आणि त्यापासून गाळलेल्या ‘रकिया’ या दारूसाठी नावाजलेला आहे. झाडांच्या पानांवर फिकट कडी उमटतात, फळांवर खळगे पडतात आणि ती पिकण्याआधीच गळतात, अशा एका विषाणूजन्य रोगाचे शास्त्रीय वर्णन बल्गेरियन वनस्पतिरोगतज्ज्ञ दिमितर अतानासोव्ह यांनी १९३२ मध्ये पहिल्यांदा केले. शेतकरी या रोगाला ‘शार्का’ म्हणत, म्हणजे अंगावर ठिपके उमटवणारा रोग, आपण जसे देवी किंवा गोवर म्हणू तसे. इंग्रजीत त्याला ‘प्लम पॉक्स’ म्हणतात, पण शास्त्रीय लेखनात ‘शार्का’ हाच शब्द जगभर चालतो. नासाडीच्या बल्गेरियन शब्दांपैकी हा एक तरी भाषांतराविना सीमा ओलांडून गेला आहे, म्हणून मी तो इंग्रजीत जसाच्या तसा ठेवला.

वहीच्या पाठपुठ्ठ्यात एक घडी घातलेला कागद होता आणि त्याचेही भाषांतर कामात धरले होते. नव्वदच्या दशकात बागेचा एक तुकडा विकण्याचा प्राथमिक करार झाला होता, घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत, आणि आजीबाईंच्या नवऱ्याने करार ‘रझ्वाल्यत’ असल्याची लेखी नोटीस दिली होती. बल्गेरियात आजही लागू असलेल्या १९५० सालच्या दायित्वे आणि करार कायद्याच्या ८७ व्या कलमात हेच क्रियापद आहे. एका पक्षाने स्वतःच्या दोषामुळे काम केले नाही, तर दुसरा पक्ष त्याला योग्य मुदत देतो आणि ती टळल्यास करार रझ्वाल्यला गेला असे समजू, असे बजावतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत रझ्वाल्यणारा हा निर्दोष असतो. स्वयंपाकघरात ज्याने बिघडवले तो अपराधी, वकिलाच्या कागदावर ज्याने बिघडवले तो अन्याय झालेला.

मराठी कानाला येथे विशेष जपावे लागते, कारण आपल्याकडे ‘करार मोडला’ म्हणजे शब्द पाळला नाही, आणि नोटेला व लग्नाला इतके बेतशीर बसलेले ‘मोडणे’ नोटिशीत अगदी उलट माणसाला आरोपी करते. इंग्रजीत मी ‘रिसिंड’ वापरले, कारण ८८ व्या कलमाप्रमाणे अशा करारावर मागच्या तारखेपासून पाणी सोडले जाते, नुसती पुढची वाट बंद होत नाही. पुढची वाट बंद करण्यासाठी ‘प्रेक्रात्यावम’ हा वेगळा शब्द आहे. त्याच कायद्यात ‘उनिश्तोझावम’ हाही शब्द येतो. रस्त्यावर त्याचा अर्थ नेस्तनाबूत करणे असा आहे, पण कायद्यात तो फसवणूक किंवा धाकदपटशाने झालेला करार न्यायालयाकडून रद्द करून घेण्यापुरता आहे. मी पाहिलेल्या काही इंग्रजी भाषांतरांत करार ‘डिस्ट्रॉइड’ झालेले आहेत, जणू कोणी ते जाळले.

उरली ती मोठ्या नासाडीची क्रियापदे, आणि त्यांत उतरंड लावणे हे आवडीचे काम होते. ‘पोहाब्यावम’ म्हणजे वापरण्याजोगी वस्तू वाया घालवणे: शिवायला घेतलेले कापड चुकीचे कापले, चाकूची धार घालवली, ‘शब्द वाया घालवू नकोस’ हेही याच क्रियापदाने. ‘ससीप्वम’ त्याच्या पुढची पायरी. त्यात माणूसही सापडतो, आणि दिवसभर राबलेली बाई ‘मी ससीपाना आहे’ असे म्हणते, म्हणजे अंगाचे पार तुकडे झाले. ‘रस्सीप्वम’मध्ये ओतून सांडण्याचे चित्र आहे, म्हणून पैसा आणि संसार त्यानेच उधळले जातात. ‘ओप्रोपास्त्यावम’च्या पोटात ‘प्रोपास्त’ म्हणजे खोल दरी आहे, आणि ते लिहिताना आजीबाईंचे अक्षर मोठे होते असा मला भास झाला. इंग्रजीत ही चारही क्रियापदे ‘रुइन’च्या एका खुंटीवर टांगली गेली असती, म्हणून मी ‘वेस्ट’, ‘वेअर आउट’, ‘स्क्वाँडर’ आणि ‘रुइन’ अशी वाटणी केली आणि शेवटचा शब्द फक्त दरीसाठी राखला.

तुर्की अमलाच्या काळात आलेल्या ‘बातार्दीस्वम’ या शब्दाला मात्र मी इंग्रजीत न्याय देऊ शकले असे वाटत नाही. तुर्की धातूचा अर्थ बुडवणे असा आहे, त्याला तुर्की भूतकाळ, ग्रीक प्रत्यय आणि बल्गेरियन शेवट असे तीन भाषांचे तुकडे जोडलेले आहेत, आणि त्यात हलकासा हशा आहे. काम बुडवले, पण बुडवणाऱ्याची थोडी कीवही आहे. आपल्या ‘बट्ट्याबोळ’ची छटा त्याच्या जवळ जाते. त्याच वाटेने अरबीतून आलेला ‘हाल’ हा शब्द वहीत वारंवार येतो आणि त्याचा अर्थ आपल्यासारखाच केवळ ‘अवस्था’ न राहता ‘वाईट अवस्था’ असा झालेला आहे. ‘आमचे हाल देवाला ठाऊक’ हे वाक्य मला मराठीत वाचल्यासारखे वाटले आणि इंग्रजीत लिहिताना जवळजवळ राग आला.

वहीच्या शेवटच्या पानांत १९८९ नंतरचा, म्हणजे साम्यवादी राजवट कोसळल्यानंतरचा काळ येतो. गावातील सहकारी शेतसंस्था मोडून मालमत्ता वाटण्यासाठी १९९२ पासून ‘विसर्जन समित्या’ नेमल्या गेल्या. जनावरे, ट्रॅक्टर, गोठ्यांची कौलेसुद्धा कुठल्या कुठे गेली. आजीबाई लिहितात: ‘रस्सीपाहा गो.’ क्रियापद तृतीयपुरुषी अनेकवचनी आहे, कर्ता नाही. आपणही ‘वाट लावली’ एवढेच म्हणतो आणि कोणी लावली हे ऐकणाऱ्यावर सोडतो. बल्गेरियन खेड्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते जवळजवळ ठरीव झाले आहे, आणि येथे रूप ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिल्याचे आहे. इंग्रजीत मी ‘दे’ लिहिले. भाषांतरसंस्थेतील संपादकाने समासात विचारले की हे ‘दे’ कोण, आणि सरकार, समिती किंवा गावकरी असे काहीतरी स्पष्ट करावे असे सुचवले.

मी ती सूचना नातीकडे पाठवली. तिचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. त्या समितीवर तिचे सख्खे काका होते, हे आजीला अर्थातच माहीत होते, आणि वही आपल्यामागे कोणाकोणाच्या हाती जाईल याचीही तिला कल्पना होती. ‘दे’ तसेच राहू द्यावे, तळटीप देऊ नये, आणि कोबीच्या नोंदीतला माझा जास्तीचा शब्द मात्र काढावा, असे तिने कळवले. सासूचा राग कशावरून होता ते ती मुलांना स्वतः सांगणार होती. मी तसे करून धारिका परत पाठवली.